पाठककाकांच्या डुप्लिकेट डीव्हीड्या

डीव्हीडी ओरिजनल आहे का डुप्लिकेट, हे आमच्या हिंगोलीकडच्या अख्ख्या गोरेगावात एकच माणूस नुसतं हातात धरून सांगू शकतं, आणि ते माणूस म्हणजे मी. बढाई म्हणा पाहिजे तर. आता त्या कलेला कुत्रं विचारत न्हाई ही गोष्ट वेगळी. आता माझ्या दुकानात मोबाईलचे कव्हर, चार्जर आणि झेरॉक्स. पण पंधरा-सोळा वर्षांमागं आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोर उभं राहायला जागा भेटायची न्हाई. पाटीवर नाव नवऱ्याचं, 'देविदास सीडी सेंटर', आणि गल्ल्यावर मी, सुनिता. देविदासचा जीव शेतात. साखरा गावाच्या अलीकडं आमचा तांडा आहे, तिथं तो सोयाबीनमधी खुश आणि मी इथं बाजारात खुश. दोघं एका जागी आलो की भांडण ठरलेलं, त्यामुळं संसार बराबर चालला.

मी डुप्लिकेट विकायची का? विकायची. सगळेच विकायचे. पण गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, ही डुप्लिकेट आहे बरं का, मधीच अडकली तर माझ्या नावानं शिमगा करायचा न्हाई. आणि खराब निघालेली डुप्लिकेट कुणी परत आणून दिली की कैची घ्यायची आणि तिच्या चमकत्या बाजूवर भोकापासून कडेपर्यंत एक सरळ ओरखडा ओढायची. सर्रकन. एकदा ओरखडा बसला की ती डीव्हीडी पुन्हा कुणाच्या माथी मारता येत न्हाई. हाताला ती सवयच लागली होती.

तर मागच्या मंगळवारी सकाळी पाठकांचा मुकुल दुकानात आला. पुण्याला कंपनीत आहे, चाळिशी आली तरी मला लहानपणासारखं ताई म्हणतो.

"ताई, बाबांनी बोलावलंय. घरातल्या डीव्हीडी निवडून द्यायच्यात."

"निवडायला ती काय मेथीची भाजी आहे का?"

तो हसला न्हाई. म्हणाला, "परवा बाबांना पुण्याला घेऊन चाललोय, कायमचं. गाडीत एकच खोकं बसेल. आणि बाबा हट्टाला पेटलेत, फक्त ओरिजनल न्यायच्या, एकही डुप्लिकेट नको. मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

दुकान शेजारच्या शिंप्याच्या भरवशावर टाकलं, कैची पिशवीत टाकली आणि निघाले. मारुतीच्या देवळामागं पाठकांचं घर. वाटेनं मुकुल हळूच म्हणाला, "बाबा जरा वेगळंच वागून राहिलेत, ताई. आईचा आवाज शोधतात."

मला कळलंच न्हाई. "शोधतात म्हणजे?"

"म्हणजे कुठं रेकॉर्ड झालाय का ते. म्हणतात, तिचा चेहरा दिसतो, आवाज आठवत नाही. माझा फोन तपासला, माझ्या बायकोचा, गुंजनचा तपासला. आईसमोर फोन धरला की ती तोंडावर पदर घ्यायची, तुम्हाला माहितीय. आमच्या लग्नाची सीडी लावली, तर त्या शूटिंगवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी घातलेली. आई मांडवात कुणाला तरी काहीतरी सांगतीये, तोंड हलतंय, आणि आवाज गाण्याचा. बाबा रोज तेवढंच लावून बसतात."

प्रेमाकाकू मागच्या मार्गशीर्षात वारल्या. पण त्यांची वाचा त्याच्या चार वर्षं आधीच गेली होती, लकव्यानं. चार वर्षं नुसत्या डोळ्यांनी बोलायच्या. आमच्या तांड्यावर कुणी गेलं की बाया गळ्यात गळा घालून रडतात, आणि रडता रडता गेलेल्याचं सगळं बोलणं-वागणं गाऊन सांगतात, तो कसा हाक मारायचा तेसुद्धा. पाठकांच्या घरात तसलं काही न्हाई. तेरा दिवस झाले, पाहुणे गेले, घर गप्प झालं. तेव्हा मला लई वाईट वाटलं होतं.

आणि ज्या बाईचा आवाज शोधायची पाळी आली ती बाई कोण, तर प्रेमाकाकू. त्या घरात हसल्या की देवळात घंटा वाजवणारा माणूस थांबून बघायचा. खोटं न्हाई सांगत.

काका पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. सेनगावच्या तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेला माणूस. तीस वर्षं रोज जीपनं जाऊन-येऊन नोकरी केली, पण शर्टाची इस्त्री कधी मोडलेली दिसली न्हाई. त्या दिवशीबी मोडलेली नव्हती. फक्त शर्टाच्या आतला माणूस अर्धा झालेला.

"या सुनिताबाई," म्हणाले. "तुमच्याशिवाय हे काम कुणाचं नाही."

लोखंडी कपाट उघडलं. वरपासून खालपर्यंत डीव्हीडीच्या डब्या, दोनशेच्या वर असतील, सगळ्या पाठीवरची नावं एका दिशेला. काकूंची मांडणी. मुकुल स्वयंपाकघरात भांडी बांधायला गेला तसे काका आवाज खाली घेऊन म्हणाले, "तुम्हाला माहितीच आहे."

मला माहिती होतंच. कारण त्या पापात मी अर्धी वाटेकरी.

काकूंना नक्कल खपायची न्हाई. साडी घ्यायला गेल्या तर पदर उलटा करून दोरा बघायच्या, हळद कुरुंद्याहून ओळखीच्या घरची मागवायच्या, बाजारातली पूड घरात न्हाई. दर पाडव्याला हिंगोलीहून काकांसाठी एक ओरिजनल डीव्हीडी आणायच्या, आणि काका ती हातात घेऊन लहान लेकरावानी खुश व्हायचे. पण ह्या माणसाला पिक्चरचं असलं वेड, की पाडव्याला एक एवढ्यावर भागणार कसं? तर हा सरळमार्गी कारकून संध्याकाळी सेनगावच्या जीपमधून उतरायचा, इकडं-तिकडं बघत माझ्या दुकानात शिरायचा आणि डुप्लिकेट घ्यायचा. वर माझ्याकडून ओरिजनलची रिकामी डबी मागून न्यायचा. मी द्यायची. डुप्लिकेट त्या डबीत, डबी कपाटात. कधी डबी भेटली न्हाई तर काकूंनी आणलेल्या ओरिजनलच्या मागंच दुसरी कोंबून ठेवायची. काकू पाहुण्यांना कपाट दाखवून सांगायच्या, आमच्याकडं सगळं अस्सल आहे हो.

"तेव्हा तोंड दाबून गप्प बसायचो," काका म्हणाले. "मजा वाटायची. आता वाटत नाही. आता निदान जाताना तरी तिच्या शब्दाप्रमाणं जावं म्हणतो. नक्कल असेल ती इथंच संपवा. तुमची ती कैची आणलीय ना?"

"आणली की," मी म्हटलं आणि सतरंजीवर बैठक मारली.

काम सुरू झालं. कसं ओळखायचं ते काकांना बी शिकवत होते, कारण शिकवल्याशिवाय मला काम सुचत न्हाई. डीव्हीडी पालथी करायची. खालची बाजू चांदीसारखी पांढरी असेल तर ओरिजनल असू शकते. जांभळी न्हाईतर हिरवट झाक मारली की समजायचं कुणीतरी घरी बसून भरलीय. चांदीवर बी जायचं न्हाई, डुप्लिकेटवाले काय कमी हुशार न्हाईत. मग मधल्या भोकाभोवती बघायचं, तिथं कंपनीनं बारीक नंबर दाबलेला असतो. तो बोटाला लागत न्हाई, पण उजेडात तिरपं धरलं की दिसतो. वरचं चित्र डीव्हीडीवरच छापलेलं पाहिजे, कागद चिकटवलेला चालत न्हाई. कव्हरवरच्या हिरोइनीचा ओठांचा रंग गालावर उतरला असेल तर ते झेरॉक्स. आणि एका डीव्हीडीत तीन-तीन पिक्चर असतील तर पुढं बघायचंच न्हाई.

काका एकेक डबी देऊन राहिले आणि मी सांगून राहिले. ओरिजनल खोक्यात, डुप्लिकेटला सर्रकन ओरखडा आणि पोत्यात. हात असा बसला होता की मी बघतसुद्धा नव्हते. एका डबीत दोन निघाल्या, पुढं ओरिजनल, मागं जांभळी. एका जावयाच्या फजितीचा विनोदी पिक्चर. त्यात काय विचार करायचा? चांदीवाली खोक्यात, जांभळी ओरखडून पोत्यात. तासाभरात पोतं अर्ध्याच्या वर भरलं.

मग मुकुलनं चहा आणला. काका बशीत चहा ओतता ओतता थांबले.

"मुकुलनं सांगितलं असेल तुम्हाला, माझं काय चाललंय ते."

"सांगितलं."

"वेड लागलंय असं वाटत असेल."

"काहून वाटेल?"

"अहो, चव्वेचाळीस वर्षं ज्या आवाजानं उठलो, तो आठवत नाही. शब्द आठवतात. 'चहा गार होतोय' म्हणायची हे आठवतं. पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतं, तिच्या नाही." बशी त्यांनी तशीच खाली ठेवली. "आणि हसणं तर बघा, साऱ्या गल्लीला ऐकू जायचं. हिंगोलीला थेटरात गेलो की लोक पिक्चर सोडून मागं वळून बघायचे. आता त्यातलं एवढंसुद्धा..."

पुढं काका काय बोलले ते मी ऐकलंच न्हाई. थेटर म्हटल्याबरोबर मला सुदाम आठवला.

माझा धाकटा दीर सुदाम. आता गोरेगाव-सेनगाव-हिंगोली जीप चालवतो, दोन लेकरांचा बाप आहे, पण तेव्हा एक नंबरचा उपद्व्यापी. कुणाचा तरी हँडीकॅम आणून हिंगोलीच्या थेटरात मांडीवर लपवून त्यानं एक पिक्चर उतरवला होता. आणि मोठ्या रुबाबात माझ्या दुकानात डीव्हीड्या करून आणून ठेवल्या. त्यात पडद्यासमोर लोकांची डोकी, कुणी उठून मुतायला चाललंय, कुणी खोकतंय. पाच विकल्या, चार परत आल्या, आणि मी सुदामला चपलीनं मारायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, वहिनी, माझा काय दोष, ते तुमचे पाठककाका आणि काकू माझ्या अगदी पुढच्याच रांगेत बसले होते, आणि ती बाई इतकी हसली इतकी हसली की सगळ्या पिक्चरचा आवाज नासवला.

तो पिक्चर म्हणजे हाच जावयाचा. आणि परत न आलेली पाचवी डीव्हीडी ह्या घरात आली होती. घंट्याभरामागं मी माझ्या हातानं तिच्यावर कैची ओढली होती.

मी उठून परसात गेले. सुदामला फोन लावला.

"सुदाम, तो जावयाचा पिक्चर तू उतरवला होतास, तेव्हा पाठककाकू खरंच तुझ्या पुढं बसल्या होत्या का?"

"व्हय. माझ्या गुडघ्याला त्यांची खुर्ची लागत होती." मागं जीपचं इंजिन घरघरत होतं. "काहून वहिनी? आता ते काहून उकरून राहिली? पोलीस आले का?"

"पोलीस न्हाई आले. आधी सांग, हसल्या कुठं?"

"कुठं न्हाई हसल्या ते विचार. जावई सासूचं लुगडं नेसून बाहेर येतो तिथं एकदा, मग..." तेवढ्यात कुणीतरी पॅसेंजर ओरडलं आणि त्यानं फोन ठेवला.

खरं सांगते, गप्प बसावं असं माझ्या मनात आलं. ओरखडा भोकापासून कडेपर्यंत, चांगला खोल, सोळा वर्षांची जुनी डुप्लिकेट. चालली न्हाई तर? ह्या माणसाला आधी आशा लावायची आणि मग तुमच्या बायकोचा आवाज होता पण मी मघाशी कापला म्हणून सांगायचं? त्यापेक्षा त्याला माहितीच नसलेलं बरं. दोन दिवसांनी तो पुण्याला जाईल, मी माझे चार्जर विकीन. मी तिथं तुळशीपाशी उभी राहून स्वतःला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की सुदामला बी तेवढ्या कधी दिल्या न्हाईत. आणि मग आत गेले. कारण मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारी बाई आहे, आणि हे तर काकूंचं घर.

"काका," मी म्हटलं, "एक गोष्ट आहे. आधी सगळी ऐका, मग काय बोलायचं ते बोला."

सगळं सांगितलं. सुदामचं, थेटराचं, आणि शेवटी कैचीचं. मला वाटलं आता हा माणूस माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडणार, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं.

"ती डीव्हीडी मी दोन मिनिटं लावली होती," काका हळू म्हणाले. "लोकांची डोकी दिसली तशी घाबरून काढली. प्रेमा आत पोळ्या करत होती, तिला कळलं असतं ना, नक्कल आहे म्हणून. मग कपाटात मागं लपवून ठेवली. पुढच्या पाडव्याला तिनंच त्याची ओरिजनल आणली, तेव्हा तिच्याच डबीत मागं कोंबली." आणि मग एकदम उठले. "पोतं ओता."

सतरंजीवर पोतं ओतलं. नव्वदच्या वर डीव्हीड्या, सगळ्यांवर माझा ओरखडा. मुकुल गुडघ्यावर बसून एकेक उचलायला लागला. सुदामला लिहायचा कंटाळा, तो निळ्या पेननं नुसती एक फुली मारायचा. फुलीवाली शेवटी माझ्याच हाताला लागली. उजेडात धरली. ओरखडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पण सरळ होता. सरळ ओरखड्यावरून मशीन उडी मारून पुढं जातं, गोल असता तर सगळंच गेलं असतं. चाळीस हजार वेळा ओढला असेल मी तसला ओरखडा, तो सरळ ओढायची सवय का लागली देव जाणे.

"मुकुल, टूथपेस्ट आण. पांढरी, जेलवाली न्हाई. आणि काकूंचं एखादं जुनं सुती पातळ असेल तर त्याचा तुकडा."

काकूंचं पातळ फाडायला कुणाचा हात धजेना, तसं मी माझ्याच पदराचं टोक ओलं केलं. बोटावर पेस्ट घेतली आणि भोकाकडून कडेकडं, भोकाकडून कडेकडं, हलक्या हातानं पुसत राहिले. काका समोर उभे, माझ्या बोटाकडं टक लावून. लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढताना आई उभी राहते तसे. मी म्हटलं, बसा हो काका, मला तकलीफ होऊन राहिली. पण ते बसले न्हाईत.

पाण्यानं धुतली, पुसली, जुन्या प्लेअरमधी घातली. पहिल्यांदा 'नो डिस्क' आलं. काढली, पुन्हा पुसली, पुन्हा घातली. मशीन घुर्र घुर्र करत राहिलं, थांबलं, आणि टीव्हीवर एकदम उजेड आला. वाकडा पडदा, खाली काळी काळी डोकी, कुणीतरी शिट्टी मारली.

मी रिमोट घेतला आणि सुदामनं सांगितलं तिथपर्यंत पळवलं. दोनदा चित्र गोठलं, चौकटी चौकटी झाल्या, मी पुढं ढकललं. जावई सासूचं लुगडं नेसून दाराआडून बाहेर आला.

आणि काकू हसल्या.

अगदी जवळून. आधी श्वास आत ओढल्याचा आवाज, मग ते कुकरच्या शिट्टीसारखं एकदम वर गेलेलं हसू, मग 'अगं बाई गं, अगं बाई' असं दोनदा. मुकुल हातातलं फडकं तसंच धरून उभा राहिला. काकांनी खुर्चीची पाठ पकडली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडं बघवेना.

तेवढ्यात टीव्हीतून एका माणसाचा आवाज आला, दबका, कडक. "अगं हळू. लोक बघतायत."

हसू तिथंच तुटलं. थेटर हसत होतं, खोकत होतं, काकू गप्प. मी वाट बघितली. पुढचा विनोद आला, गेला. अजून एक आला. सगळे हसले, त्यात काकू नव्हत्या. मध्यंतर झालं.

काका खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तो मी आहे."

"बाबा," मुकुल म्हणाला.

"तो मीच आहे. चव्वेचाळीस वर्षं हेच म्हणालो. हळू हस, हळू बोल, शेजारी काय म्हणतील. देवानं माझंच ऐकलं बघा. चार वर्षं तिला इतकं गप्प केलं, इतकं गप्प केलं..." त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "बंद करा सुनिताबाई. ऐकला आवाज. पुरे झालं."

मुकुलनं रिमोटसाठी हात पुढं केला. मी दिला न्हाई.

"पुरे कसं झालं? अर्धा पिक्चर बाकी आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला, चढूद्या. "ती बाई एकदा गप्प म्हटल्यावर दोन तास गप्प बसणारी होती का? माझ्या दुकानात येऊन माझ्या नवऱ्याला झापून गेली होती ती, बायकोला एकटीला राबवतोस म्हणून. मी न्हाई बंद करत. तुमाला बघायचं नसेल तर डोळे मिटून बसा, पण बसा."

काका बसले. डोळे न्हाई मिटले. मुकुल खाली सतरंजीवर त्या ओरखडलेल्या डीव्हीड्यांच्या ढिगाशेजारी बसला. मी पळवलं न्हाई, काहीच न्हाई, जसा पिक्चर होता तसा चालू दिला. जावई गावभर पळाला, सासरा काठी घेऊन मागं लागला. दोन जागी माझ्या ओरखड्यावर गाडी अडकली, आणि दर वेळी ती आपोआप सुटली. चहाच्या कपांवर माशा बसल्या, कुणी हाकलल्या न्हाईत.

मग जावई कडब्याच्या गंजीत लपला, लुगडं नेसलेलाच. आणि सासऱ्याची म्हैस आली आणि तिनं लुगड्याचा पदर चघळायला घेतला. जावई आतून ओढतोय, म्हैस बाहेरून ओढतीये. सगळं थेटर फुटलं. आणि त्या सगळ्यांच्या वर काकू फुटल्या, तोंडावर दाबलेल्या पदरातून सुटलेलं हसू, थांबायचं नावच न्हाई. मी काकांकडं बघून हात वर केला, बघा, सांगितलं होतं ना, असं.

पण काका दुसरंच काहीतरी ऐकत होते. काकूंच्या बाजूला एक पुरुष हसत होता. घोगरं, उकळी फुटल्यासारखं, मधीच ठसका लागत होता आणि ठसका संपला की पुन्हा हसत होता.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"तुमी," मी म्हटलं.

"छे. मी असा हसत नाही."

"सुदामच्या पुढं तुमी दोघंच बसला होता, काका."

मुकुल टीव्हीकडं सरकला. "बाबा, तुम्हीच आहात," तो म्हणाला. "मी कधी ऐकलं नव्हतं."

टीव्हीत तो माणूस हसतच राहिला. खुर्ची करकरली, कुणीतरी मांडीवर थाप मारली. आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, हसण्यानं दमलेल्या आवाजात, मस्करीत, काकू स्वच्छ बोलल्या. "अहो हळू. लोक बघतायत."

मी रिमोट मांडीवर ठेवून दिला. काका खुर्चीतून पुढं झुकले, इतके पुढं की मला वाटलं पडतात की काय, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं हळूच बोलले.

"बघू दे," म्हणाले. "बघू दे गं त्यांना."